ताडोब्याची वाघीण, वळवाचं आभाळ आणि माझे ११२ धुरकट फोटो

सड्यावरचा | शनिवार, रात्री ९.५०

मंडळी नमस्कार. एरवी मी इथे आंब्याच्या धाग्यांवर असतो, या विभागात पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

हंगाम आटोपला आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात ताडोब्याला जाऊन आलो. देवगडहून कणकवली, कणकवलीहून पनवेल, पुढे नागपूर, मग भाड्याची गाडी. सहा फेऱ्या घेतल्या. पाच फेऱ्यांत एक अस्वल, रानकुत्र्यांची टोळी, पावलांचे ठसे आणि गाईडचं "कालच इथं बसला होता". सहाव्या फेरीला संध्याकाळी आभाळ भरून आलं, दोन थेंब पडले, सगळ्यांनी कॅमेरे झाकले. गेट बंद व्हायला अर्धा तास उरला असेल तेव्हा पाणवठ्याच्या पलीकडच्या काठाला बांबूतून वाघीण बाहेर आली. गाईड म्हणाला, शंभर-सव्वाशे मीटर. काठाने चालली, थांबून पाणी प्यायली, मग पाठमोरी होऊन मागचे पाय आधी पाण्यात टाकत बसली. तोंड काठाकडे. चौदा मिनिटं! माझ्या मागे बसलेल्या आजींच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

कॅमेरा निकॉन डी७२००, लेन्स २००-५०० एफ ५.६. दोन्ही सेकंडहँड, पाच-सहा वर्षं वापरतोय. अ‍ॅपर्चर मोड, आयएसओ १६००. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड वाढवून घ्यायचा आकडा, १६०० च्या वर नेऊ नये असं मला एका जाणकाराने बजावून सांगितलं होतं, ते मी पाळलं.

घरी येऊन संगणकावर बघतो तर ११२ च्या ११२ फोटो धुरकट. चालतानाचे तर बघवत नाहीत. बायको म्हणाली, "एवढा खर्च करून धुकंच बघायचं होतं तर आंबोलीला जायचं." तिचंही खरंच.

पुढच्या फेब्रुवारीत परत जायचं ठरवलंय. प्रश्न सरळ आहे: ३०० एफ २.८ भाड्याने घेऊ की काही वर्षं पैसे साठवून मोठी लेन्स घेऊ? की हा छंद आपला नव्हे?

---

कुळथाची पिठी | शनिवार, रात्री १०.१०

आंबेवाल्याला पैसे साठवायला काही वर्षं लागतात हे वाचून डोळे पाणावले. जागा पकडून बसतोय.

---

लाल पट्टीवाला | शनिवार, रात्री १०.३५

विषय संपला आहे, चर्चेची गरज नाही. कमी उजेडात एफ २.८ ला पर्याय नाही. एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं. ५.६ म्हणजे दिवसा पक्षी टिपायची लेन्स. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन स्टॉपचा फरक म्हणजे चौपट प्रकाश. हिशेब साधा आहे. भाड्याने का होईना, ३०० एफ २.८ घ्या, पुढे क्रॉप करा, म्हणजे कडा कापून वाघ मोठा करा.

आणि एवढ्या लांब जाता कशाला? आपल्या सिंधुदुर्गात तिलारीला पट्टेरी वाघ आहे. रात्री धरणाच्या रस्त्याने दोन-तीन फेऱ्या मारा, चांगला टॉर्च घ्या, नशिबात असेल तर दिसेल.

---

वाशिष्ठीकाठ | रविवार, सकाळी ७.१५

सड्यावरचे, लेन्सचं नंतर बघू. ११२ पैकी तीन फोटो टाका: एक चालतानाचा, एक पाणी पितानाचा, एक पाण्यात बसलेला. क्रॉप न केलेले, उजळ न केलेले, कॅमेऱ्यातून निघाले तसे. सोबत प्रत्येकाचा शटर स्पीड, म्हणजे शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं ते. रोग बघितल्याशिवाय औषध कसलं देणार?

लाल पट्टीवाले, तिलारीबद्दल लिहिलंत त्याला उत्तर द्यायला इथे तिकडचीच माणसं आहेत. मी थांबतो.

---

सड्यावरचा | रविवार, दुपारी १.२०

टाकले आहेत.

फ्रेम १७, काठाने चालताना. १/५०, एफ ५.६, आयएसओ १६००.
फ्रेम ४१, पाणी पिताना. १/६०, बाकी तेच.
फ्रेम ६८, पाण्यात बसलेली. १/४०.

तिन्ही वेळा लेन्स जिप्सीच्या दांड्यावर टेकवली होती, खाली टॉवेलची घडी. व्हीआर चालू होतं.

---

खाडीकडची | रविवार, दुपारी ४.०५

मी दाभोळकडची, शाळेत गणित शिकवते. कॅमेरा हौसेपुरता. पण फ्रेम १७ बघून हात शिवशिवले.

तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली चित्र टिपणारी पट्टी, साडेतेवीस मिलीमीटर रुंद. ५०० मिमी लेन्समधून ११० मीटरवर किती रुंदीचा पट्टा दिसेल? २३.५ भागिले ५०० गुणिले ११०. सव्वापाच मीटरला जरा कमी. हा पट्टा तुमच्या फोटोत ६००० पिक्सेलमध्ये मांडलाय, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला वाघिणीचा एक मिलीमीटरसुद्धा येत नाही, साधारण ०.८६. शेपूट सोडून वाघीण दीड-पावणेदोन मीटर धरली तर ती फोटोच्या जवळजवळ एक तृतीयांश रुंदीत बसते. फ्रेम १७ मध्ये मोजून बघितलं, बसते. तेव्हा "लेन्स अपुरी पडली" हे आधी डोक्यातून काढा.

आता ती चालतेय. आपण रमतगमत चालतो तसं ताशी चार किलोमीटर धरू, म्हणजे सेकंदाला १.१ मीटर. तुमचं शटर १/५० उघडं राहिलं, तेवढ्यात ती २२ मिलीमीटर पुढे सरकली. भागिले ०.८६, म्हणजे पंचवीसेक पिक्सेल. तिच्या अंगावरचा प्रत्येक पट्टा पंचवीस पिक्सेल फरफटला. याला जगातली कुठलीही लेन्स काही करू शकणार नाही. व्हीआरही नाही, कारण ते तुमच्या हाताचा कंप आवरतं, वाघिणीचे पाय नाही.

१/२०० असतं तर फरफट सहा पिक्सेल. १/५०० ला अडीच, जी नुसत्या डोळ्यांना दिसलीही नसती.

फ्रेममध्ये एक गंमत आहे, मोठी करून बघा. सगळं अंग पुसलेलं, पण पुढचा डावा पंजा जवळजवळ धारदार! तो त्या क्षणी जमिनीवर टेकलेला होता.

---

सड्यावरचा | रविवार, दुपारी ४.३०

बाई, पंजा बघितला. नखाच्या वरचा केसांचा झुपका दिसतोय! दोन आठवडे हे फोटो बघतोय, हे दिसलंच नव्हतं.

पण १/२०० करायला उजेड कुठून आणू? तेव्हा आयएसओ ६४०० करावा लागला असता ना?

---

वाशिष्ठीकाठ | रविवार, संध्याकाळी ६.००

हो, ६४००. मग करायचा.

हे १६०० चं सोवळं वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यांचं आहे. तुमचा डी७२०० सन २०१५ चा, त्याचा ६४०० सहज खपतो. दाणे येतील, म्हणजे फोटोभर बारीक ठिपके. दाणे आलेला वाघ ओळखू येतो, फरफटलेला येत नाही. दाणे नंतर कमी करता येतात, फरफट सुधारता येत नाही.

माझी मांडणी सांगतो. मॅन्युअल मोड, एफ ५.६ पूर्ण उघडं, शटर मी ठरवतो, आयएसओ ऑटोवर, वरची मर्यादा १२८००. चालत असेल तर १/४०० च्या आसपास. उभी राहिली की लगेच १/१६०. पाणी पिताना जीभ हलते पण डोकं स्थिर असतं, तिथे १/८० चालतं. आपल्या अंगठ्याखाली एकच चाक, ते तिच्या चालीप्रमाणे फिरवत राहायचं. बाकी सगळं आधीच लावून ठेवलेलं. वाघ समोर आल्यावर मेनूत शिरणाऱ्याचं काही होत नाही.

आणि चालत्या वाघाचासुद्धा एक क्षण असतो. काठ बदलला, वास आला, आवाज आला की पाऊल अर्धवट उचलून थबकतो. शटर दाबून धरायचं ते तेव्हा, तीन-चार फ्रेमचा झपाटा. त्यातली पहिली बोटाच्या दाबाने बहुतेक हललेली असते, दुसरी-तिसरी लागते.

एफ ५.६ वर ठेवलंत हे मात्र बरोबर केलंत. काही लोक धारदारपणासाठी एफ ८ करतात. ११० मीटरवर एफ ५.६ लाच पुढेमागे मिळून दहा-अकरा मीटर फोकसमध्ये असतं, अजून कशाला हवं? उजेड मात्र निम्मा गमावता.

---

लाल पट्टीवाला | रविवार, रात्री ८.४५

म्हणजे माझंच म्हणणं आलं की. आयएसओ ६४०० चे दाणे टाळायला एफ २.८ हवं. चौपट प्रकाश.

---

खाडीकडची | रविवार, रात्री ९.३०

चौपट नाही हो. हे वाचून मीही आधी फसले होते, मग वही काढली.

पावसात पागोळीखाली घागर ठेवा आणि शेजारी परात ठेवा. कशात जास्त पाणी पडेल? तोंड रुंद त्यात. लेन्सचंही तोंडच बघायचं. फोकल लेंग्थला एफच्या आकड्याने भागा. तुमची ५०० भागिले ५.६, म्हणजे ८९ मिमी तोंड. ३०० भागिले २.८, म्हणजे १०७. वाघिणीच्या अंगावरून निघालेला उजेड या तोंडातून आत येतो. दोन तोंडांच्या क्षेत्रफळांचं प्रमाण काढा: १.४४.

म्हणजे ३०० एफ २.८ ने काढून, क्रॉप करून वाघीण तेवढीच मोठी केली, तर तिच्या वाट्याचा उजेड चौपट नाही, जेमतेम दीडपट. अर्धा स्टॉप. आणि तिच्यावरचे पिक्सेल मात्र ५०० मिमीला जेवढे पडले त्याच्या छत्तीस टक्के. चौपट उजेड येतो तो सगळ्या फ्रेमवर. त्यातला बराचसा बांबूवर आणि पाण्यावर पडतो, जो तुम्ही कापून टाकणार आहात.

५०० एफ ४ घेतली तर तोंड १२५ मिमी, उजेड दुप्पट. तो फायदा खरा, किंमतही तशीच खरी.

---

लाल पट्टीवाला | रविवार, रात्री ९.५५

फोकस? एफ २.८ ला अंधारात फोकस जलद होतो, त्याचं काय?

---

खाडीकडची | रविवार, रात्री १०.०२

ते मान्य. तेवढं मान्य.

---

चांद्याचा पाव्हणा | रविवार, रात्री ११.१०

भाऊ, मी मूळचा चांद्याचा, नोकरीनं रत्नागिरीत. वाघ पाहत मोठा झालो म्हणा. फोटोचं तुमी मोठे लोक बोलता, मी गाडीतलं सांगतो.

एक. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवायचं, वाघ दिसला की इंजिन बंद. चालू इंजिनाच्या जिप्सीत दांड्यावर ठेवलेली लेन्स म्हणजे पिठाच्या गिरणीवर ठेवलेली लेन्स. टॉवेलच्या घडीनं काई होत नाही.

दोन. जिप्सीत सहा पर्यटक, वर गाईड, ड्रायव्हर. वाघ निघाला की सगळे उभे राहतात, गाडी होडीवानी डुलते. त्यांना ओरडून उपयोग नाही. चहाच्या वेळीच हात जोडून सांगायचं की मी "आता" म्हटलं की दोन सेकंद हलू नका. लोक ऐकतात. आजी तर नक्की ऐकतात.

तीन. मोबाईल तर कोअरमधी, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागात, नेऊच देत नाहीत, त्यामुळं गेटवरूनच डोकं शांत. कान उघडे ठेवा. चितळ ओरडलं तर कदाचित, वानर ओरडलं तर बहुतेक, सांबर एकसारखं ओरडत राहिलं तर कॅमेरा हातात घ्या. तेवढ्या वेळात शटर, आयएसओ सगळं लावून व्हायला पायजे.

चार. पाणवठा बरा. आभाळाचा उजेड पाण्यावरून उलटून वर येतो आणि वाघाच्या हनुवटीखाली, पोटाखाली पडतो. बांबूत बसलेल्या वाघाला तो मिळत नाही, तिथं फोकस पण पुढच्या काडीवर जाऊन बसते. फोकसचा मधला एकच पॉइंट ठेवा, गालाच्या पांढऱ्या केसावर धरा. पांढरं-काळं जिथं भेटते तिथं फोकस पटकन पकडते.

फेब्रुवारीत सकाळी थंडी लई. पहिला अर्धा तास उजेड नाही, बोटं पण नाही.

---

कुळथाची पिठी | सोमवार, सकाळी ८.०५

लेन्स टेकवायच्या बीनबॅगेचं कुणीच काढलं नाही? जुन्या जीन्सचा पाय कापा, शिंप्याकडून दोन्ही तोंडं शिवून एकीकडे चेन बसवून घ्या. जाताना रिकामी न्या, वजन नको. तिकडे पोचलात की वाण्याकडून तांदूळ नाहीतर चणे घेऊन भरा.

मी कुळीथ भरतो, घरून नेतो. दाणा बारीक, गुळगुळीत, लेन्सच्या अंगाबरोबर बसतो आणि जड असतो. परत आल्यावर कुळथाची पिठी. माझं नाव उगाच पडलं नाही.

---

दोडामार्गी | सोमवार, दुपारी २.३०

लाल पट्टीवाल्यानू, तुमचो सल्लो वाचलंय. माका सांगा, रात्री बॅटरी घेऊन खय फिरतलास? आमच्या दारात?

उरलेलं प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर चिपळूणवाले अर्थ विचारत बसतील.

तिलारी हे २०२० पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, साडेएकोणतीस चौरस किलोमीटर. कोपऱ्यातला तुकडा, पण गोव्यातली म्हादई आणि कर्नाटकातलं भीमगड यांना सह्याद्रीशी जोडणारा. वाघ या वाटेने येतो-जातो. ताडोब्यासारखी गाडीला आणि माणसाला सरावलेली ही जनावरं नाहीत. त्यांच्या डोळ्यांवर प्रखर झोत मारला की काय होतं ते आम्ही बघितलंय. मागल्या वर्षी कुणीतरी पायाच्या ठशाचा फोटो जागेच्या नावासकट टाकला. पुढच्या रविवारी आमच्या वाडीच्या रस्त्यावर अकरा गाड्या. सर्चलाइट, हॉर्न, एकाने तर स्पीकरवर भेकराचा आवाज लावला होता. त्यानंतरचे आठ दिवस आमची गुरं रानात जायला मागेनात आणि गुराखी सोबतीशिवाय जायला मागेना.

वाघ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला उजेड मारून, आवाज लावून डिवचणं हा फोटोचा प्रश्न नाही, गुन्हा आहे.

दुसरं, आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. "वाघ दिसलो" म्हणून धावत आलेले निम्मे लोक बिबट्याच्या मागे असतात. पट्टेवाला तो ढाण्या. तो मी पन्नास वर्षांत एकदाच बघितला, सकाळी नदी उतरताना. कॅमेरा नव्हता. असता तरी हात चालले नसते.

सड्यावरचे, तुम्ही पाणवठ्याचं नाव लिहिलं नाहीत, बरं केलंत. फोटो चढवण्याआधी फाइलमधली जागेची माहितीही काढून टाकत जा.

---

लाल पट्टीवाला | सोमवार, दुपारी ३.१५

तिलारीचं मागे घेतो. ऐकीव माहितीवर लिहिलं होतं.

---

वाशिष्ठीकाठ | सोमवार, रात्री ९.००

दोडामार्गींनी लिहिलं ते बरं झालं. माझ्या गच्चीतून सह्याद्रीची जी भिंत दिसते तिच्या माथ्यावर कोयनेचं जंगल. चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि पुढची कितीतरी वर्षं लोक हसत होते, वाघाविना व्याघ्र प्रकल्प म्हणून. २०१८ ला वाघाचा फोटो मिळाला, मग २०२३ च्या डिसेंबरात परत. दोन्ही वेळा माणसाने नाही, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याने काढलेले.

ही युक्तीसुद्धा आपल्याच देशात रुजलेली. चँपियन नावाचा वनाधिकारी १९२० च्या दशकात संयुक्त प्रांताच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवायचा. वाघाचा पाय लागला की कॅमेरा आणि फ्लॅश एकदम. वाघ आपला फोटो आपणच काढायचा. आज पर्यटकाला व्याघ्र प्रकल्पात फ्लॅश वर्ज्य आहे आणि ते योग्यच आहे.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो, कारण फ्रेम ४१ मला काल रात्री झोपू देईना.

१७ चं कोडं बाईंनी सोडवलं. ६८ ला १/४० आणि डुलती गाडी, तेही समजलं. पण ४१? ती पाणी पितेय, डोकं स्थिर. मिशा मोजता येतात, कडा कुठेही दुहेरी नाही. म्हणजे हललेला नाही, फोकसही बरोबर. तरीही धुरकट. पट्टे काळे असायला हवेत ते राखाडी आहेत. पाण्यावर आभाळ चमकतंय त्याच्या आजूबाजूला दुधाळ झाक पसरलीय. ती तुमच्या सवयीची चूक नाही.

उद्या एक करा. दोन्ही झाकणं काढा, लेन्स ५०० वर लावा, एका बाजूने मोबाईलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. काय दिसतं ते लिहा. लेन्स पावसाळ्यात कुठे ठेवता तेही.

---

सड्यावरचा | गुरुवार, रात्री ८.२०

उशीर झाला. मृगाचा पहिला दणका बसला, पोफळ तारांवर पडली, मंगळवारपासून लाईट नव्हती. आज संध्याकाळी आली.

टॉर्च मारला. आत जाळं आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखं, मधून फुटलेले बारीक पांढरे धागे, दुसऱ्या-तिसऱ्या काचेवर, कडेकडून मध्यापर्यंत आलेले. अंगावर काटा आला.

लेन्स पावसाळ्यात तिच्याच गादीवाल्या पिशवीत, लाकडी कपाटात, वरच्या खणात असते. आईच्या लुगड्यांच्या शेजारी. डांबराच्या गोळ्या टाकतो.

---

वाशिष्ठीकाठ | गुरुवार, रात्री ८.४०

बुरशी. मला तीच शंका होती.

आपल्याकडे तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, चार महिने भिंतीला हात लावला तर ओला लागतो. गादीची पिशवी ओल धरून ठेवते, लाकडी कपाट अंधार देतं, बुरशीला आणखी काय हवं? डांबराच्या गोळ्यांनी झुरळं जातात, ओल नाही. दिवसा पाठीवर ऊन घेऊन फोटो काढलात तर ही झाक कळतही नाही. समोर चमकतं पाणी आणि मागे काळा बांबू असला की ते धागे उजेड सगळीकडे पसरवतात आणि काळं काळं राहत नाही. तुमची संध्याकाळ नेमकी तशी होती.

स्वतः उघडू नका. दुरुस्तीवाल्याकडे द्या. काचेच्या लेपाला डाग पडला नसेल तर साफ होते. तोवर ती बाकी सामानापासून वेगळी ठेवा.

पुढे: हवाबंद झाकणाचा मोठा प्लास्टिक डबा, तळाला सिलिका जेल, आत शे-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६५-७० वर गेला की बुरशीची पेरणी सुरू. फार खाली, ३० च्याही खाली, नको, रबर आणि वंगण सुकतं. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका, त्याची पूड लेन्सच्या फिरत्या भागात शिरते. आणि आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरायची. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

---

कुळथाची पिठी | गुरुवार, रात्री ९.००

सिलिकाचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर भाजून घ्यायचे, परत पहिला रंग येतो. वेगळी कढई. आमच्याकडे एकदा त्यातच शेंगदाणे भाजले गेले, त्या दिवशीपासून मला स्वयंपाकघरात प्रवेश नाही.

---

खाडीकडची | गुरुवार, रात्री ९.२५

फ्रेम ४१ टाकून देऊ नका. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाइल, आहे ना? काळ्याची पातळी खाली ओढा, धुरकटपणा घालवणारं डीहेझ थोडं, मग दाणे कमी करा. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये दाणे काढणारं डीनॉइज २०२३ पासून आहे, रॉ फाइलवर छान चालतं. पण फार ओढू नका. माझ्या एका फोटोत त्याने कानाखाली नसलेला पट्टा रंगवला होता. वाघाचे पट्टे म्हणजे आपल्या अंगठ्याचा ठसा, डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. वनखातं त्यावरूनच वाघ ओळखतं. यंत्राने काढलेला पट्टा म्हणजे खोट्या सहीसारखं झालं.

आणि उजळ करू नका! संध्याकाळ होती, संध्याकाळच दिसू दे. कॅमेरा काळोख्या बांबूला बघून सगळंच उजळ करायला जातो. मी कमी उजेडात कायम पाऊण ते एक स्टॉप खाली ठेवते.

---

सड्यावरचा | रविवार, रात्री ९.१०

लेन्स दुरुस्तीला मुंबईला गेली. लेपाला डाग नाही, साफ होईल असं फोटो बघून म्हणाले. डबा आणला. आज काटा ४८ वर आहे. बाहेर ठेवला तर ९१ दाखवतो.

४१ वर दोन रात्री बसलो. बाईंनी सांगितलं तसं काळं खाली ओढलं आणि पट्टे एकदम वर आले. क्रॉप केलाच नाही. पलीकडचा काठ, काळा बांबू, खाली पाण्यात आभाळाची करडी पट्टी आणि तिच्या टोकाशी ती. दोन्ही खांदे डोक्याच्या वर आलेले, जीभ पाण्याला लागलीय तिथून तीन वलयं निघालीत. तिसरं वलय फ्रेमच्या मध्यापर्यंत आलंय. जवळून काढला असता तर हे वलय मिळालं नसतं. धुरकटपणा थोडा उरलाय, उरू दे.

लेन्स येईपर्यंत शेजारच्या डॉक्टरांची ७०-३०० मागून घेतली. रोज संध्याकाळी पाऊस थांबला की सड्यावर जातो. आमचा कुत्रा आहे, तांबडा, त्याला पन्नास पावलांवर सोडतो आणि सूर्य समुद्रात गेल्यापासून काळोख पडेपर्यंतची वीसेक मिनिटं काढत राहतो. चालला की १/४००, थबकला की १/१६०. पहिल्या दिवशी चाक उलटं फिरवत होतो. काल ऐंशीतले अकरा लागले. आज एकोणीस.

पिठीसाहेब, बीनबॅगेत सव्वादोन किलो कुळीथ मावले. परवा ती दांड्याऐवजी जांभ्याच्या गडग्यावर ठेवली, पावसाची सर आली, पिशवी भिजली. आता त्यांना मोड आलेत. काय करू?

---

कुळथाची पिठी | रविवार, रात्री ९.१४

उसळ. कांदा-खोबऱ्याचं वाटण, दोन कोकमं. पिशवी धुऊन वाळवा आणि पुढच्या वेळी चेनला आतून प्लास्टिक लावा.

---

चांद्याचा पाव्हणा | रविवार, रात्री ९.४०

४१ पाहिला. भाऊ, त्या पाणवठ्यावर मी लहानपणापासून जातो. असाच दिसते तो, त्या वेळी.